तबकडीच्या पायाखालची जमीन

एलपीच्या खाचेत धावणाऱ्या सुईला गाणं कळत नाही, तिला फक्त हालचाल कळते. खाचेने तिला हलवलं की खालून सगळा प्लेअरच हलला आणि त्याच्याबरोबर ती हलली, हा फरक तिला करता येत नाही. दोन्ही हालचालींची ती सारख्याच इमानाने वीज करते आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवते. म्हणून रेकॉर्ड लावलेली असताना शेजारच्या खोलीतली पावलं, स्वयंपाकघरातला मिक्सर, खालच्या रस्त्यावरून गेलेला ट्रक आणि खुद्द स्पीकरमधून निघालेला डग्ग्याचा घुमारा, हे सगळं थोडंफार त्या गाण्यात मिसळत असतं.

ही हालचाल केवढी असते? १००० हर्ट्झचा सूर कोरताना सुईचा वेग सेकंदाला ५ सेंटीमीटरपर्यंत जाईल अशी पातळी धरली, तर सुई मधल्या रेषेपासून जेमतेम ८ मायक्रोमीटर सरकते. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. गायिकेने घेतलेला श्वास किंवा तंबोऱ्याचा विरत जाणारा झंकार हे तर याच्याही शेकडो पटींनी लहान. त्यात आणखी एक गोष्ट आहे. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबून कोरतात, नाहीतर शेजारशेजारच्या खाचा एकमेकींत घुसतील. आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो विभाग तो दाबलेला खर्ज पुन्हा वर उचलतो. १९५४च्या सुमारास रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार २० हर्ट्झचा संकेत १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळपास ९ पट वाढवला जातो. पावलांचा, दारांचा, रहदारीचा हादरा नेमका या तळाच्या पट्ट्यात येतो. म्हणजे जे आपल्याला नको आहे त्यालाच सर्वांत जास्त उठाव मिळतो.

हे थोपवण्याचं काम प्लेअरच्या पायांकडे असतं, आणि पायांकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. मुंबईच्या मटन स्ट्रीटवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून घरी आलेल्या प्लेअरचे पाय पाहावेत. रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, एखादा पाय तुटलेला, एखादा भलत्याच यंत्राचा आणून बसवलेला. मग माणूस नवे पाय शोधायला निघतो. त्याला रबरी बुटके दिसतात, मऊ जेलचे गोळे दिसतात, टोकदार पितळी शंकू दिसतात, स्प्रिंगच्या डब्या दिसतात. किंमत काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत. कंपन शोषून घेण्याचं आश्वासन प्रत्येक वेष्टनावर असतं. मात्र तुमचा प्लेअर किती किलोचा आहे, हे फार थोडे विक्रेते विचारतात. माझं ठाम मत असं, की तो प्रश्न न विचारता विकला जाणारा पाय विकत घेऊ नये.

त्याच्याही आधी हादरा येतो कुठून, ते शोधायला हवं. यासाठी एक साधी चाचणी आहे. मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई हळूच टेकवावी आणि आवाज नेहमीच्या पातळीपर्यंत सावकाश वाढवावा. हात बटणावरच ठेवावा, कारण मांडणी वाईट असेल तर स्पीकर एकदम हुंकारत सुटतात. आता ज्या टेबलावर प्लेअर आहे त्यावर बोटाच्या पेराने टकटक करावी. मग घरातल्या कुणाला तरी खोलीतून नेहमीसारखं चालायला सांगावं. टकटक स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आली, तर टेबलातून हादरा चढतो आहे. चालताना वूफरचा पडदा आतबाहेर फडफडला, तर जमिनीतून येतो आहे. आणि दोन्ही वेळी शांतता असूनही आवाज वाढवताच गुणगुण सुरू झाली, तर स्पीकरचा खर्ज हवेतून प्लेअरवर आदळतो आहे. या तिसऱ्या दुखण्यावर जगातला कुठलाही पाय इलाज करू शकत नाही. स्पीकर दूर न्यावेत, प्लेअर खोलीच्या कोपऱ्यातून काढावा, वाजवताना प्लास्टिकचं झाकण उतरवून ठेवावं. खर्च शून्य.

हातात मोबाइल असेल तर जमिनीचा हादरा डोळ्यांनी पाहताही येतो. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप तयार केलं आहे. ते फोनमधल्या त्वरणमापकाचे आकडे आलेखावर दाखवतं. फोन आधी टेबलावर आणि मग प्लेअरच्या अंगावर ठेवून शेजारून कुणी चाललं, की दोन आलेखांतला फरक लक्षात येतो. अगदी सूक्ष्म थरथर फोनला कळत नाही, पावलं मात्र छान कळतात.

आपल्याकडच्या घरांत याची उत्तरं वेगवेगळी येतात. सिमेंटच्या स्लॅबवर पावलांचा त्रास कमी असतो. तिथे गुन्हेगार बहुतेक वेळा स्पीकर आणि प्लेअर एकाच लांब कपाटावर शेजारी मांडण्याची आपली सवय असते. गिरगावातल्या जुन्या चाळींच्या लाकडी जमिनी, पुण्यातल्या वाड्यांचे माडीवरचे तक्तपोशीचे मजले आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या फळ्यांच्या जमिनी यांची गोष्ट वेगळी. तिथे माणूस चालला की तुळया लवतात आणि अख्खं टेबल डुलतं. अशा घरात सर्वांत चांगला पाय म्हणजे पायच नसणं: विटांच्या भक्कम भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाकावी आणि प्लेअर तिच्यावर ठेवावा. भिंत जमिनीसारखी लवत नाही. फक्त ती भिंत लिफ्टच्या खोलीला लागून नसावी, आणि तिच्यातून पाण्याच्या पंपाची पाइपलाइन वर जात नसावी.

भिंत मिळत नसेल, तर मग पायांचा विचार. इथे थोडं गणित येतं, पण ते वहीत दोन ओळींत मावणारं आहे.

कुठल्याही मऊ आधारावर वजन ठेवलं की तो थोडा बसतो. किती बसला, यावरून त्या जोडीची स्वतःची डुलण्याची गती ठरते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. स्प्रिंग वजनाखाली २.५ मिलिमीटर बसली तर ही गती १० हर्ट्झ. १० मिलिमीटर बसली तर ५ हर्ट्झ. १५.५ मिलिमीटरला ४, सुमारे २८ मिलिमीटरला ३, आणि १ हर्ट्झ गाठायची असेल तर स्प्रिंग चक्क २५ सेंटीमीटर बसायला हवी. आता महत्त्वाचं. या गतीच्या सुमारे १.४ पट वरचेच हादरे अडवले जातात. त्याच्या खालचे जसेच्या तसे वर येतात, आणि नेमके त्या गतीचे हादरे तर मोठे होऊन वर येतात. तिप्पट वारंवारतेचा हादरा चांगल्या स्प्रिंगवर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, चौपटीचा पंधराव्या हिश्श्यावर. पाय कंपन शोषतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. पाय आपल्या गतीच्या वरचं अडवतो आणि आपल्या गतीचं वाढवतो. कोणता पाय घ्यायचा, हा निर्णय म्हणजे ही वाढ कुठे होऊ द्यायची याचा निर्णय.

ती कुठे होऊ द्यायची नाही, याचं उत्तर टोनआर्ममध्ये, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यात आहे. टोनआर्मचं वजन आणि कार्ट्रिजच्या सुईचा लवचीकपणा मिळून त्यांचीही एक डुलण्याची गती असते. चांगल्या जोडीत ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान ठेवतात. त्याहून खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डच्या लाटा तिला हलवतात. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून किंचित जास्त फेरा, आणि वाकडेपणाचा उपद्रव तिथून काही हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. वर गेली तर संगीताच्या खर्जाला धक्का लागतो. म्हणून ८ ते १२ ही मधली रिकामी जागा. पायाची गती जर याच जागेत येऊन बसली, तर पाय जे वाढवेल तेच टोनआर्म पुन्हा वाढवेल.

आणि बाजारातले बहुतेक रबरी पाय बरोबर तिथेच येतात. बोटाने दाबले की मऊ लागतात, पण प्लेअरखाली २-३ मिलिमीटरच बसतात. त्यातून रबराचा स्वभाव असा, की हळू दाबलं तर ते मऊ वागतं आणि भरभर हलवलं तर कडक. त्यामुळे त्याची खरी गती हिशेबापेक्षाही वर जाते. १० ते १५ हर्ट्झ. मिक्सरची किंवा स्पीकरची घरघर हे पाय कमी करतात, यात शंका नाही, आणि सिमेंटच्या जमिनीवर तेवढं पुरेसंही असतं. पण लाकडी जमिनीवर चालण्याचा त्रास होतो म्हणून कुणी रबरी पाय घातले आणि त्रास वाढला, असं झालं तर त्यात नवल नाही. गणित तेच सांगत होतं.

सोर्बोथेन नावाच्या चिकट-लवचीक पदार्थाची फार स्तुती होते. पदार्थ खरोखर चांगला आहे. हादऱ्याची ऊर्जा तो उष्णतेत विरवून टाकतो, त्यामुळे डुलणं लवकर थांबतं. पण तो ठरावीक वजनाखालीच काम करतो. आपल्या जाडीच्या १० ते २० टक्के दबलेला असेल तेव्हा तो कामावर असतो. ३ किलोचा हलका प्लेअर ३० किलोंसाठी केलेल्या गोळ्यांवर ठेवला तर गोळे नुसते लाकडाच्या ठोकळ्यासारखे उभे राहतात. उलट जास्त वजन झालं तर पसरून बसतात आणि पुन्हा कडक होतात. शिवाय पॉलिश केलेल्या सागवानावर ते तेलकट डाग पाडतात. खाली काचेची चकती ठेवावी.

टोकदार शंकू हे कंपन अडवतच नाहीत. कडक धातूचं टोक हादरा खालून वर आणि वरून खाली सारख्याच सहजतेने जाऊ देतं. तो एकाच दिशेने जातो, हा जाहिरातीतला दावा यंत्रशास्त्रात बसत नाही. प्लेअर पाणसळीत आणायला आणि तो डुगडुगू नये म्हणून शंकूंचा उपयोग आहे, तेवढ्यापुरते ते घ्यावेत.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरंही जुनी आहेत. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीचा एक्सए प्लेअर आणला. त्यात तबकडी आणि टोनआर्म हे दोन्ही एकाच धातूच्या पट्टीवर बसवून ती पट्टी तीन मऊ स्प्रिंगांवर ठेवली होती, आणि मोटर मात्र वेगळी, वरच्या पत्र्याला. तबकडी आणि सुई एकत्र हलली की त्यांच्यात आपसांत काही हलत नाही, हे साधं आणि थोर तत्त्व. थोरेन्सचे टीडी १५० आणि टीडी १६०, आणि स्कॉटलंडचा लिन सॉन्डेक एलपी१२ हे सगळे याच घराण्यातले. इंग्लंडच्या रेगाने उलट वाट धरली: हलकं, ताठ शरीर, म्हणजे कंपन साठायला जागाच कमी. ज्यांच्या पोटात आधीच स्प्रिंगा आहेत अशा थोरेन्स किंवा लिनखाली आणखी मऊ पाय घालू नयेत. एका झोक्यावर दुसरा झोका टांगला की दोघांच्या गती एकमेकांत गुंततात. त्यांना हलकं, ताठ टेबल किंवा भिंतीवरची फळी द्यावी.

तिसरं उत्तर जपानचं. मात्सुशिता कंपनीचा टेक्निक्स एसएल-१२०० हा प्लेअर १९७२ साली आला आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेला त्याचा एमके२ अवतार जगभरच्या डिस्कोथेकमध्ये शिरला. तिथे प्लेअरशेजारी माणसाच्या उंचीचे स्पीकर आणि खाली नाचणारी गर्दी. अशा जागी टिकायचं म्हणून त्याला ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं वरचं अंग, जाड रबराचं बूड आणि आत स्प्रिंग व रबर असलेले, फिरवून उंची कमीजास्त करता येणारे चार पाय दिले. वजन १२.५ किलो. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झालं. पण जुने एमके२ अजून हजारो घरांत चालू आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मोटरच्या आधी पाय म्हातारे होतात. म्हणून हिशेब याच प्लेअरवर करून दाखवतो.

१२.५ किलो भागिले चार, म्हणजे एका पायावर सरासरी ३.१ किलो. मला ४ हर्ट्झ हवेत, म्हणजे पाय १५.५ मिलिमीटर बसायला हवा. ३१०० ग्रॅम भागिले १५.५: दर मिलिमीटरला २०० ग्रॅम. बस, एवढीच मागणी. हा आकडा घेऊन मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या स्प्रिंगच्या वर्कशॉपमध्ये गेलो. गाड्यांना आणि यंत्रांना लागणाऱ्या स्प्रिंगा तिथे बनतात. मालकांनी रेकॉर्ड प्लेअर हा शब्द ऐकून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला:

“एकावर वजन किती येणार, दादा?”

“तीन किलो, थोडं वर.”

“आणि दबलेली किती चालेल?”

“पंधरा-सोळा मिलिमीटर.”

“मग मोकळी उंची चाळीस तरी ठेवा, नाहीतर तळ गाठेल. आणि बारीक लांबट नका घेऊ. रुंदीला पस्तीसच्या आसपास राहू द्या, म्हणजे आडवी पडणार नाही.”

हाय-फायच्या दुकानांत मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं या चार वाक्यांत होतं. रुंद, बुटकी स्प्रिंग उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना आपला तोल राखते. आत फोमचा एक सैल तुकडा कोंबला की वेटोळ्यांची किणकिण थांबते. ४ हर्ट्झच का, ३ का नाही, असं कुणी विचारेल. आणखी मऊ करता येतं, पण मग रेकॉर्ड बदलताना हात लागला की प्लेअर बराच वेळ झुलत राहतो, आणि सुई ठेवणं कठीण होतं. साडेतीन ते साडेचार हर्ट्झ ही घरात वागवता येणारी मर्यादा, असा माझा अनुभव.

प्रत्यक्षात चारही पायांवर सारखं वजन नसतं. मोटर, तबकडी, टोनआर्म यांच्या जागेप्रमाणे एका कोपऱ्यावर ३.६ किलो आणि दुसऱ्यावर २.६ किलो असं होऊ शकतं. सारख्या स्प्रिंगा दिल्या तर त्या दोन कोपऱ्यांत ५ मिलिमीटरचा फरक पडेल. म्हणून कोपरे वेगवेगळे मोजावेत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एका पायाखाली ठेवावा आणि उरलेल्या तीन पायांखाली काट्याच्याच उंचीची पुस्तकं. असं चारदा केलं की चार आकडे मिळतात. जिथे वजन जास्त तिथे जाड वॉशर घालून प्लेअर पाणसळीत आणावा. कोपऱ्यांतला फरक फारच असेल तर जड कोपऱ्यासाठी थोडी कडक स्प्रिंग करून घेणं बरं.

तीन किंवा चार किलोच्या हलक्या प्लेअरला एवढ्या मऊ स्प्रिंगा मिळवणं अवघड जातं. तिथे उपाय असा, की आधी वजन वाढवावं. घराच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडून कडाप्प्याचा तुकडा कापून घ्यावा, त्यावर प्लेअर ठेवावा, आणि स्प्रिंगा कडाप्प्याखाली द्याव्यात. सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र लहान मुलांच्या सायकलची ट्यूब. ती अर्धवट फुगवून कडाप्प्याखाली ठेवली की हवेचीच स्प्रिंग होते. गच्च भरली तर उपयोग जातो. कडाप्पा जेमतेम तरंगेल एवढीच हवा. दर थोड्या दिवसांनी हवा उतरते आणि प्लेअर कलतो, एवढाच त्रास.

हेच तत्त्व आपल्याकडे किती मोठ्या कामाला लागणार आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे; केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा त्यांचे ४० किलोंचे आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत टांगलेले होते. लोलक आणि स्प्रिंग यांचं सूत्र एकच: २५ सेंटीमीटर लांबीच्या लोलकाचीही गती १ हर्ट्झच येते. हिंगोलीतल्या आरशांना आणि आपल्या सुईला जमिनीपासून सोडवण्याची पहिली पायरी एकच आहे, वजन मऊ आधारावर टांगणं. लायगोत त्याखेरीज हादरा मोजून त्याच्या उलट ढकलणारी यंत्रणाही असते.

पाय बदलतानाची काळजी. वीज बंद, तबकडी उतरवलेली, सुईला टोपण, टोनआर्म बांधलेला, मागचं वजन काढलेलं. मगच प्लेअर उशीवर पालथा घालावा. टेक्निक्सच्या तबकडीखाली मोटरचं चुंबक असतं, ती काढून ठेवताना लोखंडी किसाजवळ ठेवू नये. टेक्निक्सच्या पायांचा आटा एम६ असतो, पण इतर कंपन्यांचं खात्रीने सांगता येत नाही. जुना पाय खिशात घालून पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जावं आणि आटा जुळवून घ्यावा. नव्या पायाचा बोल्ट जुन्याहून लांब नसावा, नाहीतर आतल्या भागांना भिडतो. आणि शेवटी तारा. सिग्नलची जाड, ताठ केबल आणि अर्थिंगची तार भिंतीला ताणून लागलेली असेल, तर हादरा पायांना वळसा घालून तारेवरून वर येतो. तारांना सैल वळण द्यावं.

एवढं केल्यावर काय ऐकू येतं? किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी मी स्प्रिंगांवर पुन्हा ऐकली. आवाजाचा पोत बदलला नाही, सूर जास्त गोड झाले नाहीत. असा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बदललं ते असं, की आवाज वाढवला तरी डग्ग्याचा घुमारा आपली जागा सोडून पसरत नाही, आणि तबला वाजत असतानाही मागचा तंबोरा सलग ऐकू येतो. घरात कुणी चाललं तरी वूफर जागचा हलत नाही. माझ्यासाठी एवढं खूप आहे.

काही हादरे मात्र रेकॉर्डमध्येच कोरलेले असतात. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची अनेक नामांकित ध्वनिमुद्रणं झाली, आणि सभागृहाखालून पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे जाई. शांत जागी गाडीची घरघर त्या रेकॉर्डवर आजही ऐकू येते. ती ऐकून कुणी नवे पाय घ्यायला धावू नये.

ज्यांच्याकडे जुना प्लेअर आहे त्यांना एक विनंती. आधी जागा बदलून पाहा, मग स्पीकर हलवून पाहा, मग वजन मोजा, आणि त्यानंतरच पैसे काढा. काढलेले मूळ पाय, कितीही कडक झालेले असले तरी, फेकू नका. एका पिशवीत घालून, प्लेअरचं मॉडेल लिहून, प्लेअरच्या खोक्यातच ठेवा. पुढे तो ज्याच्या हाती जाईल त्याला नवे पाय करून घेताना आट्यासाठी आणि उंचीसाठी तोच नमुना लागणार आहे.